केव्हापासून

४ फेब्रुवारी

बारके,

अक्षर मोठं काढलंय. त्यासाठी जाड टोकाचं पेन आणलं. दुकानदाराने विचारलं, "खोक्यांवर नावं घालायचीत का?" मी म्हटलं, हो. एका पानावर जेमतेम आठ ओळी बसतायत. उजव्या डोळ्याने तुला मोठी अक्षरं दिसतात असं तू नोव्हेंबरात म्हणाली होतीस, म्हणजे आपण बोलत होतो तेव्हा. आता किती दिसतं ते मला कुणी सांगत नाही.

फोन तू उचलत नाहीस. ठीक आहे. रोज एकदा लावून बघायचे, तेही आता बंद केलंय.

शुद्धलेखनावर जाऊ नकोस. छापखान्यात बसून तू जन्मभर लोकांची प्रुफं तपासलीस, घरच्यांनाही कधी सोडलं नाहीस. मी एकदा पत्राखाली 'आशिर्वाद' लिहिलं, तर तू 'शि'भोवती लाल गोल काढून ते पत्र मलाच परत पाठवलं होतंस. आई आठवडाभर हसत होती.

फोनवर तू शेवटचं जे विचारलंस ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. "ताई, तुला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. आताही तेच सांगते. लग्नाआधी मी तुझं रक्त घेतलं होतं हे खरं, पण ते तुला चक्कर यायची म्हणून, हिमोग्लोबिन बघायला. साखर कोण बघतं त्या वयात? सव्वीस वर्षांची मुलगी, त्रेचाळीस किलो वजन, वाऱ्याने उडशील अशी. डोळ्यांचे डॉक्टर पडदा बघून सांगतात की दुखणं दहा-बारा वर्षांचं आहे. तो त्यांचा अंदाज असतो. मी वीस वर्षं रक्त तपासतेय, मला विचार अंदाज कसे असतात ते. त्या वर्षाची रजिस्टरंही आता नाहीत. लॅब नव्या इमारतीत गेली तेव्हा सगळी रद्दीत गेली. मी मुद्दाम विचारून घेतलं.

पायात चप्पल घातल्याशिवाय घरातसुद्धा फिरू नकोस. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेव. कुणाला तरी रोज तळवे बघायला सांग.

ताई

१९ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर मोठं आहे, पण तिला ते दिसत नाही. उजव्या डोळ्यातही रक्त उतरलं, त्याला पंधरा दिवस झाले. समोर कुणीतरी शाई सांडल्यासारखं दिसतं म्हणते. म्हणून पत्र मी वाचून दाखवलं. मी बसचा ड्रायव्हर माणूस, पाट्यांपलीकडे फारसं वाचलेलं नाही. अडखळलो. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. रजिस्टरं रद्दीत गेली हे आलं तेव्हा म्हणाली, "ते परत वाच." मी वाचलं. मग उठून आत गेली.

मी वेगळ्याच कामासाठी लिहितोय. मार्चमध्ये ऑपरेशन करायचं ठरलंय. हॉस्पिटलने एक फॉर्म दिलाय. वय, स्त्री की पुरुष, कुठल्या समाजाचे, आईवडिलांना होता का, आणि शेवटी, केव्हापासून. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, समाज कशाला हवा तुम्हाला? त्या म्हणाल्या, "बाहेरून येऊन इथे वसलेल्या तुमच्या लोकांत ही साखर दहा-पंधरा वर्षं आधी येते, आणि अंगावर मांस नसलं तरी येते. आमचे तक्ते इथल्या मूळच्या लोकांवरून केलेत. ते तुम्हाला लावले तर तुमची माणसं आम्हाला ठणठणीत दिसतात, आणि मग अशी येतात." असं म्हणून त्यांनी हिच्याकडे बोट केलं. हिला दिसलं नाही.

सगळे रकाने भरले. 'केव्हापासून' मोकळा आहे. मी 'एक वर्ष' लिहायला गेलो तर त्या म्हणाल्या, अंदाज नको. एक लिहिलं तर डोळ्याचं बघून सोडून देऊ. दहा-बारा असेल तर भूल द्यायच्या आधी हृदय बघावं लागेल, किडनी बघावी लागेल. बायकांचं हृदय यात गुपचूप बिघडतं, कळही येत नाही.

तुम्ही लॅबमध्ये आहात. काही आठवत असेल तर लिहा. वाचणार मीच आहे हे ध्यानात ठेवून लिहा. पण लिहा.

२३ फेब्रुवारी

बारके,

मेव्हण्यांचं पत्र मिळालं. अक्षर आता नेहमीचं काढते.

आधी आईवडिलांच्या रकान्याचं सांगते. नानांपुढे 'हो' लिहिलं असेलच. नानांची साखर सगळ्या गल्लीला माहीत होती. त्यांच्या गोळ्या जेवायच्या टेबलावर, मिठाच्या बाटलीशेजारी असायच्या. त्यांच्यासाठी वेगळं शिजायचं, मऊ तळव्याचे बूट यायचे, आणि आई रोज संध्याकाळी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बोटं तपासायची. पाहुणे आले की नाना स्वतःच सांगायचे, "आम्ही साखरेचे कारखानदार."

आईपुढे 'नाही' लिहिलं असेल तर ते खोडा.

आईला एकोणचाळिसाव्या वर्षापासून होती. मला कळलं मी लॅबमध्ये लागल्यावर. पहिल्याच महिन्यात ती पदराखाली हात लपवत आली आणि म्हणाली, "माझं बघून दे, पण नाव माझं घालू नकोस." तेव्हापासून दर चार महिन्यांनी मी तिचं रक्त घ्यायचे आणि नळीवर समोरच्या शिंपीणबाईंचं नाव चिकटवायचे. शिंपीणबाईंना काही झालेलं नव्हतं, पण आमच्या रजिस्टरात त्या सतरा वर्षं मधुमेही होत्या. आईच्या गोळ्या बटणांच्या डब्यात असायच्या. मी विचारलं होतं, का लपवतेस? म्हणाली, "घरात एकच आजारी माणूस परवडतो. तो मान त्यांचा."

दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तू आलीस, रडलीस, आणि मला विचारलंस की इतकं अचानक कसं. मी म्हटलं, हृदय बंद पडलं. ते खरंच आहे. पण अचानक काही नव्हतं. तीन दिवस तिचा जबडा दुखत होता. पाठीत भरून आलंय म्हणायची, दोन पायऱ्या चढली की कठड्याला धरून उभी राहायची. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणायची, आणि खरंच दुखत नव्हतं. मी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. साखरेच्या बाईचं हृदय असं बोलतं हे मला माहीत असायला हवं होतं. दातवाल्याने दाढ ठोकून बघितली आणि म्हणाला, दाढ तर चांगली आहे. परत येताना आई टॅक्सीत गेली. माझ्या खांद्यावर डोकं होतं, मला वाटलं डुलकी लागली.

तर आईपुढे 'हो' लिहा. वय एकोणचाळीस.

शेवटचा रकाना मी चार वेळा लिहायला घेतला. होत नाहीये.

ताई

२७ फेब्रुवारी

बारके,

बारा वर्षं. रकान्यात बारा लिहा.

मेव्हणे, इथे थांबू नका. तिला पुढचं सगळं ऐकू द्या. तुम्हीही ऐका.

तुझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. तू लॅबमध्ये आलीस, बाही वर केलीस आणि तोंड फिरवून म्हणालीस, "लवकर कर, मला सुई दिसली की मी पडेन." तुझी शीर सापडायला वेळ लागायचा. रक्त हिमोग्लोबिनसाठीच घेतलं. पण तू तेवढ्या वेळात बाटलीभर पाणी प्यायलीस आणि दोनदा बाथरूमला जाऊन आलीस. मी एक नळी जास्त भरली. तुला सांगितलं नाही.

उपाशीपोटी एकशे अडुसष्ट.

मी मशीन पुसलं आणि पुन्हा चालवलं. एकशे सहासष्ट. माझ्यासमोर भिंतीवर तो तक्ता होता, तुला आठवेल, पोट सुटलेला पन्नाशीचा माणूस खुर्चीत बसलाय आणि त्याच्या भोवती बाण. धोका कुणाला, तर ह्याला. मी त्या माणसाकडे बघितलं आणि तुझ्याकडे बघितलं. तू बाकावर बसून कापूस दाबून धरला होतास आणि पाय हलवत होतीस. मी स्वतःशी म्हटलं, मशीन बिघडलंय. त्याच मशीनवर त्या दिवशी मी आणखी चाळीस जणांचे रिपोर्ट सह्या करून दिले.

दुसऱ्या दिवशी घरी, जेवणानंतर दोन तासांनी, तुझ्या बोटाला टोचलं. नव्या सुया कशा आहेत ते बघतेय म्हणून सांगितलं. दोनशे एकसष्ट.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सांगितलं. तिने हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली.

मग म्हणाली, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुला."

"मग झालं."

"आई, तिला गोळ्या चालू करायला हव्यात. तिला सांगायला हवं."

"सांग की. तिला सांग, आणि त्यांनाही सांग. सव्वीस वर्षांच्या मुलीला साखर आहे म्हटल्यावर कोण नेतं ते बघू. नानांना पंचावन्नाव्या वर्षी झाली तर सगळं घर त्यांच्या पथ्यावर चाललं. बाईला झाली की म्हणतात, आजारी गळ्यात बांधली." तिने पुढची चादर घेतली. "तीन आठवडे गप्प बस. लग्न होऊ दे. मग तूच सांग तिला, हळूच. मी कुठे नको म्हणतेय?"

मी गप्प बसले. आईवर ढकलत नाही. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, हाताशी नोकरी होती, आकडा माझ्या हातात होता. आईने सांगितलं म्हणून मी ऐकलं हे बोलायला सोपं जातं, पण मला तेच ऐकायचं होतं म्हणून मी तिच्याकडे गेले होते. नानांकडे गेले नाही.

तीन आठवड्यांनी सांगायचं होतं. तेव्हा तू नव्या घरात होतीस. मग म्हटलं महिनाभराने. मग तू इतकी खूश दिसायचीस. मेव्हणे शेवटच्या फेरीनंतर तुला छापखान्याच्या दारातून घेऊन यायचे, रिकाम्या बसमध्ये तू पुढच्या सीटवर. तू हे सांगायचीस तेव्हा मी ऐकायचे आणि म्हणायचे, पुढच्या वेळी.

बारा लिहा. वर तारीख हवी असेल तर चौदा मे.

ताई

५ मार्च

ताई,

रकान्यात बारा लिहिलं. फॉर्म दिला.

पत्र मी पूर्ण वाचलं. एका जागी थांबलो, तुम्ही थांबू नका म्हटलं होतंत तरी. मग वाचलं. माझ्याबद्दल मी काही लिहीत नाही. माझ्या आईला आजारी सून चालली असती की नसती ते मला माहीत नाही, मला कुणी विचारलं नाही.

ती तीन दिवस नुसती जेवली, औषधं घेतली. आज सकाळी मी तिच्या पायांना मलम लावत होतो तेव्हा म्हणाली, "ताईला विचार. सातव्या महिन्यात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी कधी होती का. ताई माझ्या उशाशी उभी होती. मला गुंगी होती, मला नीट आठवत नाही. ती काय म्हणाली?"

मी त्या दिवशी ड्युटीवर होतो. मलाही ऐकायचंय.

९ मार्च

बारके,

मी म्हटलं, "नाही."

डॉक्टर कागदाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "याआधी कधी साखर निघाली होती का? घरात कुणी तपासली होती?" तू अर्धवट झोपेत होतीस. आई खिडकीपाशी होती. तुझ्या सासूबाई खुर्चीत होत्या. मी म्हटलं, "नाही. मी लॅबमध्येच असते, लग्नाआधी सगळं तपासलं होतं. काही नव्हतं." विचारलं त्याहून जास्त बोलले. खोटं बोलणारा नेहमी जास्त बोलतो.

मग डॉक्टर म्हणाले की ही गरोदरपणातली साखर आहे, बाळंतपण झालं की जाईल, खाण्यापिण्याचं सांभाळा. आधीपासूनची आहे हे कळलं असतं तर त्यांनी इन्सुलिन सुरू केलं असतं, दर आठवड्याला बाळ बघितलं असतं, कदाचित लवकर काढलंही असतं. मला हे त्या खोलीत उभी असतानाच माहीत होतं.

सासूबाई समोर होत्या म्हणून बोलता आलं नाही, असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आलेय. ते खरं नाही. मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली ती सांगते. लग्नाच्या आधी सासूबाईंनी दोन्हीकडच्या तपासण्या मागितल्या होत्या, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर. तुझा रिपोर्ट मी टाइप केला. साखरेपुढे ब्याण्णव लिहिलं. खाली माझी सही केली, लॅबचा शिक्का मारला आणि तुला न दाखवता त्यांच्याकडे पाठवला. म्हणजे त्या खोलीत प्रश्न तुझ्या संसाराचा राहिलाच नव्हता. मी हो म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी तुझ्या उशाशी उभी राहून माझी नोकरी वाचवली.

अडतिसाव्या आठवड्यात तू फोन करून म्हणालीस, "ताई, कालपासून हा हलत नाहीये." मी म्हटलं, "झोपला असेल, डाव्या कुशीवर पड." आणि फोन ठेवून टॅक्सी पकडून तुझ्याकडे धावत आले. मी का धावले ते तुला कळलं नाही. तू म्हणालीस, "एवढं काय घाबरायचं?"

पुढचं तुला माहीत आहे.

ती साखर बाळंतपणाबरोबर जाणार होती, म्हणून पुढे कुणी बघितली नाही. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी तपासायला सांगितलं होतं, पण मांडीवर बाळ नसलेली बाई कशाला जाते त्या दवाखान्यात? मीही गेले नाही तुला घेऊन. तू म्हणायचीस थकवा येतो, मी म्हणायचे साहजिक आहे. आईने त्यानंतर स्वतःच्या गोळ्या विसरायला सुरुवात केली. बटणांचा डबा भरलेला राहायचा. मी ओरडले तर म्हणायची, "विसरते गं हल्ली." तिचं बाकी काहीच विसरलं जात नव्हतं.

आणखी एक. हे तू विचारलेलं नाहीस. मला पाच वर्षांपूर्वी साखर निघाली. एक्केचाळिसाव्या वर्षी. तहान लागायला लागली, मी सकाळी उपाशीपोटी स्वतःचंच रक्त काढलं, एकशे एकोणचाळीस, दुसऱ्या दिवशीही तेवढीच. त्याच आठवड्यात गोळी सुरू केली. दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासते. माझे डोळे साफ आहेत, बारके. एक ठिपका नाही.

तू तेव्हा तेहेतीस वर्षांची होतीस. दर रविवारी माझ्याकडे यायचीस, समोर बसून चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कुरकुर करायचीस. मला एवढंच म्हणायचं होतं की चल, तुझंही बघू. तेव्हा बघितलं असतं तरी बहुतेक डोळे वाचले असते. पण तू विचारलं असतंस, आत्ताच का? म्हणून मी म्हटलं, नवा चष्मा कर.

माफी मागत नाही. कुठल्या गोष्टीची मागायची ते मला ठरवता येत नाही, इतक्या झाल्यात.

ताई

६ एप्रिल

ताई,

ऑपरेशन दोन तारखेला झालं. ठरल्यापेक्षा दोन आठवडे उशिरा. बारा वर्षं वाचल्यावर त्यांनी हृदय तपासलं. एक रक्तवाहिनी चारातले तीन हिस्से बंद निघाली. हिला कधी कळ आली नव्हती, फक्त दम लागायचा, आम्हाला वाटायचं दिसत नाही म्हणून घाबरते. तिथे स्प्रिंग बसवली, मग डोळा केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तशीच भूल दिली असती तर टेबलावर काहीही झालं असतं. किडनीतून थोडं पाझरतंय, औषधाने थोपवता येईल. उजव्या डोळ्याला बोटं मोजता येतात. डावा गेला.

हे मी माझ्या मनाने लिहिलं. पुढचं ती सांगतेय तसं लिहितो.

"ताई, मी तुला माफ केलेलं नाही. करीन असंही नाही. आई असती तर तिच्याशी भांडले असते, आता तुझ्या एकटीच्या वाट्याला सगळं आलंय, त्याला माझा इलाज नाही. तू रोज काय करतेस, जेवतेस का, मला जाणून घ्यायचं नाहीये.

"मला एक गोष्ट हवीय, आणि ती फक्त तुझ्याकडे आहे. मला बाळ दाखवलं नव्हतं. आई म्हणाली, बघू नकोस, विसरायला सोपं जाईल. मी विसरले नाही. मला फक्त आठवायला काही नाही. ह्याने बाहेर फडक्यात गुंडाळलेलं पाहिलं, ह्याच्या हातात दिलं आणि लगेच घेतलं. तू आत होतीस. नर्सने तुझ्याकडे दिलं होतं असं मला नंतर कळलं. दहा वर्षांत तू एक शब्द बोलली नाहीस.

"कसा होता ते लिही. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. गाळायचं तेवढं तुझं गाळून झालंय."

११ एप्रिल

बारके,

नर्सने त्याला माझ्याकडे दिलं कारण तिला कागद भरायचे होते. भिंतीवर घड्याळ होतं. अकरा मिनिटं तो माझ्याकडे होता.

तो गरम होता. हे आधी सांगते. तुझ्या अंगाची ऊब होती त्याला, मी घेतला तेव्हा पुरती होती, परत दिला तेव्हाही थोडी होती.

मोठा होता. चार किलो साडेचारशे. काट्यावर ठेवला तेव्हा नर्स म्हणाली, "हे आजचं बाळ वाटत नाही, दोन महिन्यांचं वाटतं." तिला कौतुक वाटलं. मला तो एवढा मोठा का ते माहीत होतं. खांदे रुंद होते, मांड्यांना तीन-तीन वळ्या होत्या. दंडालाही एक होती, दोरा बांधल्यासारखी.

गाल इतके भरलेले की नाक मध्ये बुडाल्यासारखं वाटायचं. नाक तुझं नव्हतं, नानांचं होतं, शेंड्याला किंचित चपटं. चेहरा लालसर, ओठ जांभळे. ओठ जांभळे होते हे गाळणार होते.

केस भरपूर, काळे, ओले, मानेपर्यंत उतरलेले. भोवरा उजवीकडे होता. कानांच्या पाळ्यांवर बारीक लव होती, बोट फिरवलं की कळायची. अंगावर काखेत आणि मानेच्या घडीत पांढरा चिकट थर होता. मी तो मानेवरचा माझ्या बाहीने पुसला. नर्स म्हणाली, राहू द्या. मी पुसला.

हनुवटीला खळी होती. तुला नाही, मेव्हण्यांना नाही, आपल्या आईला होती.

उजवी मूठ वळलेली, अंगठा आत. डावा पंजा उघडा होता. नखं वाढलेली होती, बोटांच्या पुढे आलेली. तळहातावर रेषा सगळ्या स्पष्ट. मी माझं बोट त्याच्या उजव्या मुठीत घालून बघितलं. मूठ कडक नव्हती. बोट सहज गेलं.

पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. हे तुमचं, मेव्हणे. तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा दारात मोजे काढलेत आणि बारकी मला कानात म्हणाली होती, "पाय बघ, बदकासारखे." तसेच होते.

डाव्या गुडघ्याखाली एक तपकिरी डाग होता, डाळीच्या दाण्याएवढा. पाठ स्वच्छ. त्याच्या अंगावर कुठेही जखम नव्हती. त्याला काही लागलेलं नव्हतं.

मी त्याच्याशी बोलले. काय बोलावं कळेना. मी म्हटलं, "ए." मग म्हटलं, "मी मावशी." मग नर्स आली आणि तिने फडकं पसरलं. गुंडाळताना त्याचा डावा हात दोनदा बाहेर आला. तिसऱ्यांदा मी तो धरून आत घातला.

लॅबमध्ये मी गेल्या सोमवारी साहेबांना सगळं लिहून दिलं. चौकशी बसलीय, तोवर घरी आहे. तू जाणून घ्यायचं नाही म्हणालीस, पण त्या रिपोर्टवर तुझं नाव आहे, तुला बोलवतील म्हणून सांगितलं.

राहिलं एकच. त्याचे डोळे मिटलेले होते. पापण्या लांब होत्या, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. उघडून बघावं असं मनात आलं होतं, हात पापणीपर्यंत नेलाही, धीर झाला नाही. त्यामुळे त्याचे डोळे कसे होते ते मला माहीत नाही. तेवढं मला खरंच माहीत नाही.

ताई